घरात सगळं शिजतं, तरी मुलीचं वजन का वाढत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी साडेतीन वर्षांची, वजन १२.४ किलो. वर्षापूर्वी ते ११.४ होतं. हिमोग्लोबिन १०.२ आलंय. घरच्या आहाराचा बारा गटांचा तक्ता तुम्ही भरून पाहिलात, तर त्या दिवशी बारापैकी दहा गट घरात खाल्ले गेले होते. एवढी विविधता असताना पोषण कमी कसं पडतं, आणि आता आणखी कोणता पदार्थ वाढवायचा? सोबत तुम्ही लिहिलंय की ती दिवसातून तीनदा मोठा पेला भरून दूध पिते, घरात सात माणसं आहेत, दिवसा तिला आजी सांभाळते आणि गेल्या काही महिन्यांत तिला दोनदा जुलाब झाले.

कोणता पदार्थ वाढवायचा, हे जरा बाजूला ठेवू या. तुमच्या स्वयंपाकघरात काय शिजतं ते तुम्हाला नीट माहीत आहे. तिच्या पोटात काय आणि किती जातं, हे मात्र अजून कुणी पाहिलेलं नाही. आहारतज्ज्ञ म्हणून लहान मुलांच्या आईवडिलांशी बोलताना हीच गाठ मला सगळ्यात जास्त वेळा सोडवावी लागते.

आधी तुम्ही भरलेला तक्ता समजून घ्या. त्यात धान्य, कंदमुळं, भाज्या, फळं, मांस, अंडी, मासे, डाळी-शेंगा-सुकामेवा, दूध, तेल-लोणी, साखर-मध असे गट येतात आणि बाराव्या गटात मसाले, चहा, कॉफी वगैरे. गेल्या चोवीस तासांत घरातल्या कुणीही त्यातलं काही खाल्लं असेल तर एक गुण. हा तक्ता तयार झाला तो एखाद्या कुटुंबाची अन्न मिळवण्याची ऐपत किती आहे हे पाहण्यासाठी, आणि त्या कामासाठी तो चांगला आहे. पण चहा-साखरेचे दोन गुण आणि तेलाचा एक गुण जवळजवळ प्रत्येक घराला आपोआप मिळतात. मासा आजोबांनी खाल्ला आणि मुलीने चाखलाही नाही, तरी गुण घरालाच. प्रमाणाचा तर त्यात प्रश्नच नाही. म्हणून बारापैकी दहा या आकड्यावरून मी एवढंच म्हणेन की तुमच्या घरात अन्नाची वानवा नाही. ही मोठी जमेची बाजू आहे, कारण तुमच्या बाबतीत बरंचसं काम घरातलंच अन्न तिच्या ताटापर्यंत नेण्याचं आहे.

मुलांसाठी वेगळं माप वापरतात. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या निकषात आठ गट आहेत: आईचं दूध, धान्य आणि कंदमुळं, डाळी-शेंगा-दाणे, दूध आणि दुधाचे पदार्थ, मांस-मासे, अंडी, अ जीवनसत्त्व भरपूर असलेली फळं-भाज्या, आणि इतर फळं-भाज्या. आदल्या दिवशी मुलाने स्वतः यातले किमान पाच गट खाल्लेले असावेत. साखर, तेल, चहा यांना इथे गुण नाहीत. हा निकष ६ ते २३ महिन्यांच्या मुलांसाठी आहे. तुमची मुलगी त्याहून मोठी आहे, आणि आता आईचं दूध पीत नसेल तर तिच्यासाठी सातच गट उरतात. तरी अंदाज घ्यायला मी हीच यादी वापरते, कारण ती मुलाच्या ताटाकडे पाहायला लावते. आणि एक लक्षात घ्या: भात, ब्रेड, बिस्किट, शेवया मिळून गट एकच होतो. खूप घरांतली विविधता ही एकाच धान्याची चार रूपं असतात.

आता वजनाचं. जागतिक आरोग्य संघटनेचे वाढीचे तक्ते २००६ साली आले. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या, नीट पोसलेल्या आणि निरोगी वातावरणात वाढणाऱ्या मुलांवरून ते बनवले. लहान मुलांना सोय नीट मिळाली तर ती कुठेही साधारण सारखीच वाढतात, हे त्यातून दिसलं. त्या तक्त्यात साडेतीन वर्षांच्या मुलीचं मधलं वजन १५ किलोच्या आसपास आहे आणि धोक्याची, म्हणजे उणे दोनची रेषा साडेअकरा किलोच्या जवळ (मधल्या वजनाच्या खाली तक्त्यात उणे एक, उणे दोन अशा रेषा एकाखाली एक आखलेल्या असतात). तुमची मुलगी या दोन्हींच्या मधे आहे, त्यामुळे कुणी तुम्हाला "ठीक आहे" म्हटलं असेल तर ते चूक नाही.

मला काळजी वाटते ती वेगळ्या गोष्टीची. वर्षापूर्वी ती उणे एकच्या रेषेच्या जरा वर होती. आता ती उणे एक आणि उणे दोन यांच्या बरोबर मधोमध आली आहे. या वयात मुलं वर्षाला साधारण दोन किलो वाढतात, ती एकच किलो वाढली. एखादं मूल खालच्या रेषेवर असूनही त्याच रेषेच्या कडेने वर चढत असेल तर मी निश्चिंत असते. रेषा ओलांडून खाली येणारं मूल मात्र मी बारकाईने पाहते, आकडा अजून धोक्यात नसला तरीही. तिची उंची तुम्ही लिहिलेली नाही आणि ती लागेलच. उंचीही अडली असेल तर ती कमतरता बऱ्याच काळापासूनची समजावी. उंची नीट वाढत असून फक्त वजन मागे राहिलं असेल तर कारण अलीकडचं असतं, आणि ते भरूनही लवकर येतं.

इथे काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. ती वेळेआधी जन्मली होती का, जन्माचं वजन किती होतं, तुम्ही दोघं अंगाने आणि उंचीने कसे आहात, जुलाब किती दिवस चालले, पोटात जंत आहेत का. हिमोग्लोबिन कधी तपासलं हेही विचारायला हवं, कारण तापाच्या किंवा संसर्गाच्या दिवसांत ते खाली दिसू शकतं. हे सगळं माहीत नसताना "फक्त आहार सुधारा" म्हणणं बरोबर नाही. मुलांच्या कुपोषणाची थेट कारणं दोन: पुरेसं न खाणं आणि आजारपण. ती एकमेकांना ओढतात. जुलाब झाले की भूक मरते, कमी खाल्लं की ताकद कमी होते, आणि पुढचा संसर्ग लवकर गाठतो. दोन आजारपणांच्या मधल्या दिवसांत तिने झीज भरून काढली का, हे तुमच्या बाबतीत मला महत्त्वाचं वाटतं. बरं झाल्यावर निदान दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचं द्यावं लागतं. बहुतेक घरांत जुलाब थांबले की सगळे सुटकेचा श्वास सोडतात आणि ते जास्तीचं जेवण राहून जातं.

आता ताटाकडे येऊ. तुम्ही दिलेल्या माहितीवरून, आणि अशी मुलं मी पाहते त्यावरून, तिचा एक दिवस कसा असेल ते लिहिते. जिथे चुकेल तिथे तुम्ही सुधारा. सकाळी दूध आणि दोन बिस्किटं. अकराच्या सुमारास अर्धं केळं. दुपारी भात, त्यावर डाळीचं वरवरचं पातळ पाणी. भाजी तिखट म्हणून तिला वाढलीच नाही. चारला पुन्हा दूध. सहाला समोर आलेल्या पाकिटातले चिप्स. रात्री उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग खाल्ला, पिवळा थुंकला, चार घास भात, आणि "काही खाल्लं नाही" म्हणून झोपताना पुन्हा दूध.

या दिवसात घराने दहा गट शिजवले असतील. मुलीच्या वाट्याला खऱ्या अर्थाने आले तीन: धान्य, दूध आणि फळ. डाळ नावापुरती आली, कारण डाळ तळाशी बसते आणि आपण वरचं पातळ वाढतो. अंडंही नावापुरतंच, कारण लोह, अ जीवनसत्त्व आणि ब-१२ यांचा बहुतेक साठा त्या पिवळ्या भागात असतो. भाजी मिरचीमुळे वगळली गेली. हे शेवटचं कारण फार घरांत आढळतं आणि त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. मोठ्यांच्या चवीचं जेवण लहान मुलाला झेपत नाही, मग त्याच्या ताटात फक्त पांढरं-मऊ उरतं. उपाय सोपा आहे: तिखट घालायच्या आधी तिच्यापुरती भाजी आणि घट्ट डाळ एका वाटीत काढून ठेवा. वेगळा स्वयंपाक करू नका, तो चार दिवस टिकतो आणि बंद पडतो.

दुधावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण तुमच्या चित्रात मला तेच मधोमध दिसतं. लहान मुलाच्या पोटात एका वेळी मावतं ते वजनाच्या दर किलोमागे साधारण ३० मिलिलिटर. तिच्यासाठी म्हणजे ३७० मिलिलिटरच्या आसपास. २५० मिलिलिटरचा पेला दूध तिने जेवणाच्या अर्धा तास आधी घेतला, तर पोटाचा दोन तृतीयांश भाग भरला. मग ती जेवत नाही यात हट्ट नसतो, जागाच नसते. तीन पेले मिळून ७५० मिलिलिटर होतात, त्यातून पाचशेच्या जवळपास कॅलरी मिळतात. तिची दिवसाची गरज साधारण १००० ते १३०० धरली, तर चाळीस-पन्नास टक्के भूक दुधावरच भागली. आणि दुधात लोह जवळजवळ नसतंच. तिला दिवसाला ७ ते ११ मिलिग्रॅम लोह लागतं. कोणत्या देशाचा तक्ता पाहता त्यावर आकडा थोडा बदलतो. शिवाय दुधातलं कॅल्शियम त्याच वेळी खाल्लेल्या जेवणातलं लोह शोषू देत नाही. दूध उत्तम अन्न आहे आणि ते बंद करायला मी मुळीच सांगत नाही. दिवसाला ३५० ते ५०० मिलिलिटरवर आणा, जेवणानंतर किंवा दोन जेवणांच्या मधे द्या, पेल्यानेच द्या. झोपतानाचं दूध आधी कमी करा. पहिले चार-पाच दिवस ती रडेल, आजींनाही वाईट वाटेल. साधारण आठवड्याभरात दुपारची भूक परत येते, हे मी पुष्कळ मुलांमध्ये पाहिलं आहे.

आजींशी हे बोलताना एक काळजी घ्या. त्यांना नात उपाशी राहील याची भीती असते, आणि पोटात निदान दूध तरी गेलं याचं समाधान मिळतं. "तुम्ही चुकीचं देता" असं म्हणून काही साधत नाही. त्यांच्यासमोर तिच्या रिपोर्टमधलं हिमोग्लोबिन ठेवा आणि घट्ट डाळीची वाटी भरवायचं काम त्यांच्याकडेच द्या. मुलाला प्रत्यक्ष भरवणारं माणूस योजनेत नसेल तर कागदावरचा आहार कागदावरच राहतो.

लोह वाढवायचं म्हणजे काय करायचं? शिजलेल्या मसुरासारख्या घट्ट डाळीच्या १०० ग्रॅममध्ये तीन मिलिग्रॅमच्या थोडं वर लोह असतं, एका अंड्यात एक मिलिग्रॅमच्या आत. पण डाळीतलं आणि पालेभाजीतलं लोह शरीर जेमतेम घेतं. मांस, मासे, यकृत यांतलं लोह बरंच जास्त घेतलं जातं, आणि त्यांचे दोन घास सोबत असले तर डाळीतल्या लोहाचंही शोषण सुधारतं. तुमच्याकडे मासे शिजतात, तर आठवड्यातून दोन-तीनदा काटे काढून, कुस्करून तिच्या भातात मिसळा. मांस-मासे न खाणाऱ्या घरात हेच काम क जीवनसत्त्व करतं: डाळीवर लिंबू, जेवणासोबत संत्र्याच्या फोडी किंवा टोमॅटो. चहा या वयात नकोच, जेवणाच्या आसपास तर अजिबात नको, तो लोह अडवतो. गाजर, रताळं, भोपळा, हिरव्या पालेभाज्या यांतलं अ जीवनसत्त्व मिळायला थोडं तेल किंवा लोणी लागतं. एक चमचा तेलाने चाळीस कॅलरीही वाढतात आणि पोटाची जागा अडत नाही, म्हणून कमी खाणाऱ्या मुलाच्या वाटीत मी ते आवर्जून घालायला सांगते.

विविधता का हवी याचं उत्तर इथेच मिळतं. एका अन्नात सगळं नसतं, आणि एक अन्न दुसऱ्याला कामाला लावतं. डाळीला लिंबू हवं, गाजराला तेल हवं. ब-१२ प्राणिज अन्नातूनच मिळतं. दूधसुद्धा न खाणाऱ्या मुलाला ते गोळ्या-थेंबांतून द्यावं लागतं. डाळ-लिंबू, गाजर-तेल अशी जोडी एकाच जेवणात बसली तर फायदा. घराने सकाळी एक आणि रात्री दुसरं खाल्लं तर तक्त्यात गुण तेवढेच पडतात, शरीराला फायदा मात्र कमी.

"ती खातच नाही, थुंकते" हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. दोन ते सहा वर्षांत नव्या अन्नाला नाही म्हणणं हा वयाचाच भाग आहे. नवी चव मान्य व्हायला आठ-दहा वेळा, काही मुलांना पंधरा वेळासुद्धा ती समोर यावी लागते. आपण तिसऱ्या वेळी "हिला आवडत नाही" असं ठरवून टाकतो. ओळखीच्या अन्नाशेजारी नवं अन्न चमचाभरच ठेवा, स्वतः तेच खा, आणि खाल्लं-नाही खाल्लं यावर बोलू नका. अंड्याचा पिवळा भाग तिला कोरडा लागत असेल, तो भातात किंवा मऊ बटाट्यात कुस्करून पाहा. एका जेवणाला नीट न खाल्ल्याने काही बिघडत नाही. मुलांच्या खाण्यावर संशोधन करणाऱ्या लीन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली दोन ते पाच वर्षांच्या मुलांचं खाणं मोजलं, तेव्हा एकेका जेवणातलं प्रमाण खूप वरखाली होत होतं, पण दिवसाची बेरीज बऱ्यापैकी स्थिर राहत होती. काय, कधी आणि कुठे हे तुम्ही ठरवा. किती, हे तिला ठरवू द्या. फक्त मधल्या वेळेत बिस्किटं-चिप्स फिरत असतील तर हा नियम चालत नाही, कारण मग तिची भूक तिला खरं सांगू शकत नाही. तीन जेवणं, दोन मधली खाणी, आणि त्यांच्यामध्ये फक्त पाणी. आख्खे दाणे आणि आख्खी द्राक्षं या वयात देऊ नका, घशात अडकतात. दाण्यांचा कूट किंवा पीनट बटर द्या, द्राक्षं उभी चिरून द्या.

तुमच्या घरी नाही, पण हे वाचणाऱ्या काही घरांत खरंच ऐपत कमी असेल. तिथे मी दहा गटांचा आग्रह धरत नाही. आहे त्या धान्यात घट्ट डाळ रोज, परवडेल तेव्हा अंडं, आणि त्या-त्या मोसमात स्वस्त असलेली एक हिरवी किंवा पिवळी-नारिंगी भाजी. हे आधी मुलाच्या वाटीत आणि मग घराच्या भांड्यात. थोडं अन्न असताना कुणाला आधी वाढायचं हा निर्णय फार मोठा फरक पाडतो.

एक गोष्ट मात्र आहाराच्या पलीकडची आहे. दोन ते पाच वर्षांच्या मुलांत हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर तो ॲनिमिया समजतात. १०.२ हे फक्त डाळ-अंड्याने लवकर भरून निघणार नाही, बालरोगतज्ज्ञांकडून लोहाचं औषध लागेल अशी शक्यता मोठी आहे. जंतांचं औषधही तेव्हाच विचारा. लोहाचा परिणाम होत असेल तर चार आठवड्यांत हिमोग्लोबिन साधारण एकाने वाढतं. तसं झालं नाही तर ॲनिमियाचं कारण दुसरं आहे का हे डॉक्टरांना शोधावं लागतं. वाढलं तरी औषध लगेच थांबवायचं नाही, साठा भरायला आणखी काही महिने लागतात. ते दुधासोबत देऊ नका, आणि बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा, कारण लोहाचं जास्त औषध मुलांना जिवावर बेतू शकतं. तिचे पाय सुजले, ती सतत झोपाळू झाली, जुलाब चौदा दिवसांहून जास्त चालले, शौचात रक्त दिसलं किंवा वजन घटायला लागलं, तर पुढचं काही करून पाहत बसू नका, सरळ दाखवा. दंडाचा घेर १२.५ सेंटिमीटरच्या खाली असला तरीही तेच.

तुमच्यासाठी पहिलं काम तीन दिवसांचं आहे. तिचं खाणं एकाच वाटीत वाढा, वाढलेलं आणि उरलेलं दोन्ही लिहा, दूध मापाने मोजा. तीन दिवसांत एक सुट्टीचा दिवस धरा, कारण त्या दिवशी भरवणारं माणूस वेगळं असतं. त्या नोंदीवर आठ गटांची यादी ठेवून खुणा करा, पण दोन चमच्यांपेक्षा कमी गेलेल्या पदार्थाला खूण नको. सोबत उंची मोजा: अनवाणी, भिंतीला टाच, पाठ आणि डोकं टेकवून. या दोन गोष्टी आणि दुधाचं माप लिहून पाठवलंत, तर कोणता गट आधी आणायचा आणि कोणत्या जेवणात बसवायचा हे मी तुम्हाला नेमकं सांगू शकेन.